विक्कीची माती

"आनंदराव, आज तुमचं काम वाढलं," जिना उतरता उतरता गार्गीताई म्हणाल्या.

धरमपेठेतल्या त्या इमारतीत रोज सकाळी गाड्या पुसणारे आनंदराव फडकं हातात धरून नुसतेच उभे होते. एकूण एक गाडीवर पिठासारखी पिवळट धूळ बसली होती. आभाळही मळकट दिसत होतं.

"कुठून आली जी ताई एवढी? आपल्याकडची धूळ अशी नाही राहत."

"अरबस्तानातून. तिकडे वाळवंटात मोठं वादळ झालं. बारीक धूळ उंच चढते आणि वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून इथवर येते."

"कुवेतची बी असन?"

"असेल की," गार्गीताई बोलून गेल्या आणि मग त्यांना विक्की आठवला.

आनंदरावांचा एकुलता एक मुलगा विक्की कुवेतला रस्त्याच्या कामावर गेला होता. गेल्या उन्हाळ्यात तो भर उन्हात काम करता करता कोसळला, तो उठलाच नाही. देह आणायची परवानगी काही मिळाली नाही. शेवटी त्याला तिकडेच पुरलं. मोबाइलवर एक फोटो आला, वाळूच्या उंचवट्याचा. घरी भन्तेजी येऊन वंदना झाली, सगळं रीतसर झालं. पण पोराच्या मातीला बापाला जाता आलं नाही.

"आज राहू द्या," गार्गीताई हळूच म्हणाल्या. "मी सांगते सगळ्यांना."

"नाही जी. लोकायले कामावर जायचं राहते."

त्यांनी सगळ्या गाड्या पुसल्या. गढूळ पाण्याची बादली नेहमीसारखीच नालीत ओतली आणि सायकल काढून ते तडक घरी निघाले.

त्यांची बायको सिंधूताई अंगण झाडत होत्या.

"राहू दे वं. नको झाडू."

"काहून? पाहा ना, किती धूळ येऊन पडली."

आनंदरावांनी सायकल भिंतीला टेकवली. "तिकडची आहे ते. कुवेतकडची. वाऱ्यानं आली म्हणते ताई."

सिंधूताईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे.

"अर्धं तं मी झाडून टाकलं जी," त्या म्हणाल्या.

खराटा त्यांनी अलगद भिंतीशी ठेवला. मग दोघं दाराच्या पायरीवर बसली, त्या धुळीला लागू नयेत म्हणून पाय वर ओढून घेऊन.