शिंप्याच्या भिंतीवरची रायफल

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानात जिच्यावर शर्टांचे हँगर अडकवत, ती जुनी लष्करी रायफल म्हणजे मी.

एका कारखान्यात पोलादाचा दांडा आरपार कोरून माझी नळी केली, तिला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला आणि मला एका अबोल शिपायाच्या हाती दिले. तो मला जिवापाड जपायचा. माझ्या दस्त्याला चीर गेली, तेव्हा त्याने तिच्यावर पितळेची पट्टी ठोकली. तंबूसमोर मला हातात धरून त्याने फोटोही काढून घेतला. लढाई संपल्यावर मी त्याच्याबरोबर घरी आले.

पुढे घराभोवती कोणी फिरत असल्याचा त्याला संशय आला. त्याने माझ्यात एक काडतूस भरले आणि तो दाराशी बसून राहिला. कोणी आले नाही. मग त्याला ताप भरला आणि तो अंथरुणावरून उठलाच नाही. काडतूस माझ्या पोटात तसेच राहिले. हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याच्या नातवाने शिवणकामाचे दुकान टाकले आणि मला भिंतीवर चढवले, शेजारी शिपायाचा तो फोटोही लावला. गिऱ्हाइकांची पोरे माझा चाप ओढून पाहायची. माझा थरकाप उडायचा. पण चाप गंजाने घट्ट धरून ठेवला होता. गंजाचे उपकार मानणारी रायफल जगात मी एकटीच असेन.

एकदा दातांच्या डॉक्टरीणबाई कोट सैल करून घ्यायला आल्या. जुने फोटो पाहून बंदुका ओळखायच्या आणि मिळतील त्या जमवायच्या, हा त्यांचा छंद. शिपायाचा फोटो पाहून त्यांचे डोळे चमकले. "पुढच्या वेळी भिंग घेऊन येते. मला दोन्ही ताडून बघायचंय," त्या म्हणाल्या.

त्या येण्याआधी शिंप्याने मला कौतुकाने पुसले आणि माझ्या सांध्यासांध्यांत शिलाई मशीनचे तेल सोडले. चाप सैल झाला. मला ओरडायचे होते, पण मला आवाज कुठला?

बाई आल्या. भिंगातून कधी फोटोकडे, कधी माझ्याकडे पाहू लागल्या. "नळीवरच्या कड्या जुळतात. ही पितळेची पट्टीही तीच."

"म्हणजे लढाईत आजोबांच्या हातात होती ती हीच!" शिंपी हरखला. त्याने मला उचलून खांद्याला लावले. समोर त्याची बायको मशीनवर बसली होती. "अगं, बघ तरी, आजोबांसारखा दिसतोय का?"

"आधी त्या शर्टाची काजं करा, मग लढाईला जा," ती मान वर न करता म्हणाली.

त्याचे बोट चापावर टेकले. आतली स्प्रिंग जागी होत असल्याचे मला जाणवले.

बाई अजून फोटोकडेच पाहत होत्या. त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"दादा, हलू नका," त्या अगदी हळू म्हणाल्या. "चापावरचं बोट काढा."

"रिकामी आहे हो. कित्येक वर्षं टांगलीय."

"फोटोत हा मागचा खटका आत बसलाय. इथे तो बाहेर ओढलेला आहे. कोणीतरी ही ताणून ठेवलीय. बोट काढा, दादा."

मशीन थांबले. शिंप्याने बोट बाजूला घेतले.

"आता नळी त्या कोपऱ्यातल्या जमिनीकडे. द्या माझ्याकडे."

बाईंनी माझा बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा दांडा, मागे ओढला. हिरवट पडलेले काडतूस टणकन फरशीवर पडले.

बायको म्हणाली, "रोज हिच्याखाली बसून शिवते मी."

"आणि तेल मी घातलं," शिंपी म्हणाला.

काडतूस पोलिसांनी नेले. मला शिंप्याने आपणहून बाईंना देऊन टाकले. आता मी काचेच्या कपाटात असते, आणि माझा बोल्ट वेगळ्या कप्प्यात कुलूपबंद असतो.

मित्रांनो, जुनी वस्तू घरात सापडली तर तिची धूळ जरूर झाडा, तिची हकीकत मोठ्यांना विचारा. पण ती माझ्या जातीची असेल, तर तिला हात लावू नका, जाणत्या माणसाला बोलवा. आम्हाला माया हवी असते, हे खरे. पण आमच्यावर विश्वास ठेवू नका.