पाणी थांबलं, संपलं नव्हतं

मी एक जुनी पितळी तोटी आहे, करंगळीएवढी. मला पाहून कुणी 'वा' म्हटलेलं आठवत नाही. म्हणणार तरी कोण? माझी जागाच अशी होती, की मला भेटायचं तर माणसाला गाडीखाली पाठीवर सरपटत यावं लागे. इंजिनाच्या डाव्या कुशीत, अगदी तळाशी मी बसलेली असे. आता मी खिळ्याला टांगलेली आहे, माझी मान तडकलेली आहे आणि गळ्यात एक तार आहे. मित्रांनो, ही तार दागिना नव्हे. ती वेळेवर माझ्या गळ्यात उतरली नसती तर दोन जीव गेले असते. तेच सांगते. दार तेवढं लोटून घ्या, थंडी आत येतेय.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. शेकडो बहिणींबरोबर साच्यातून निघाले, आणि एका राखाडी, डब्यासारख्या गाडीच्या इंजिनात मला पिळून बसवलं. ती गाडी गोम्बोनं घेतली. गोम्बो मेंढपाळ. मेंढ्या, थोड्या गाई, सात घोडे आणि ही गाडी, एवढा त्याचा संसार. बायको नानसाल, मुलगी सोलोन्गो. वर्षातून चार वेळा गेर, म्हणजे आमचं गोल तंबूघर, उपटायचं, त्याचे लोकरीचे जाड नमदे गुंडाळायचे, सगळं गाडीत कोंबायचं आणि गवत असेल तिकडं जायचं. गोम्बो गाडीची चाकं थोपटायचा, निघताना त्यांच्यावर दूध शिंपडायचा, आरशाला निळा रेशमी पट्टा बांधायचा. माझं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

काम मात्र माझं जोखमीचं. शहरातले लोक इंजिनात न गोठणारं रंगीत पाणी घालतात. आमच्याकडे साधं विहिरीचं पाणी. हिवाळ्यात रोज संध्याकाळी ते सगळं बाहेर काढायचं, बादल्या गेरमध्ये न्यायच्या, आणि सकाळी तेच पाणी तापवून परत ओतायचं. पुढच्या जाळीतलं, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी तिची तोटी सोडते, इंजिनाच्या पोटातलं मी. कारण गोठताना पाणी फुगतं, आणि लोखंडाला फुगता येत नाही. पोटात पाणी राहिलं तर सकाळपर्यंत इंजिन उभं चिरतं. मग ऐंशी किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव चंद्राइतकं लांब.

आमच्या विहिरीचं पाणी खारं. किटलीच्या बुडाला पांढरी खपली धरते ना, तशी माझ्या गळ्यात धरे. गोम्बोला ते ठाऊक होतं. पाण्याची धार थांबली की तो सीटखालून एक तार काढायचा, माझ्या गळ्यात दोनदा खुपसायचा, उरलेलं पाणी भळाभळा बाहेर पडायचं. हे तो गाणं गुणगुणत करायचा, बघायचासुद्धा नाही. त्याच्या हातांना ते पाठ होतं. तोंडाला नव्हतं, आणि तिथंच सगळं घोडं पेंड खाणार होतं.

त्या वर्षी शरदात गोम्बो घोड्यावरून पडला. खुबा मोडला. डॉक्टरांनी सांगितलं, वसंतापर्यंत अंथरुण सोडायचं नाही. जावई दक्षिणेकडच्या खाणीत, आणि सोलोन्गो पोटुशी, माहेरी आलेली. गाडी चालवायला नानसालला यायची, पण पन्नास वर्षांत तिनं इंजिनाचं झाकण एकदाही उघडलं नव्हतं.

"आता तुलाच शिकावं लागेल," गोम्बो म्हणाला.

"शिकते की. त्यात काय, तुम्ही आईच्या पोटातून पाना घेऊन आला होतात?"

मग गेरमध्ये शाळा भरली. मास्तर अंथरुणावर, विद्यार्थिनी गाडीखाली. नानसाल एकेक प्लग काढून, फडक्यात गुंडाळून त्याच्या उशाशी न्यायची. तो निरखायचा, काजळी कशी खरवडायची ते दाखवायचा, आणि ती परत पळायची. तेलाची पट्टी ओढून, पुसून, पुन्हा बुडवून दोन खुणांच्या मध्ये तेल आहे का ते बघायला शिकली. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबायला शिकली. हवेच्या जाळीतली धूळ झटकताना एवढी शिंकली, की शेजारचा दाम्बा बाहेर येऊन बघू लागला. एकदा प्लगच्या वायरी उलटसुलट जोडल्या. गाडीनं असा फटाका काढला, की मेंढ्या टेकडीपलीकडे!

दाम्बानं पोट धरून हसून घेतलं. "वहिनी, इंजिन म्हणजे गाय नव्हे हो! कासेला हात घातला की धार लागायला."

"दाम्बाभावजी, तुमची मोटारसायकल तीन हिवाळे ताडपत्रीखाली झोपलीय. आधी तिला उठवा, मग मला शिकवा," नानसाल म्हणाली. दाम्बा ताडपत्री सारखी करायला वळला.

बाई हुशार होती. पण एके दिवशी गाडीखालून बाहेर येऊन तिनं गेरच्या दारातून विचारलं, "अहो, समजा थोडं पाणी आत राहिलं, तर काय होतं?"

"थू, थू, थू!" गोम्बो अंथरुणात अर्धा उठला. "तोंड सांभाळ. भर हिवाळ्यात काय बोलतेस? सांगितलंय तेवढं कर. दोन्ही तोट्या उघडायच्या, पाणी थांबलं की बंद करायच्या. संपलं."

आमच्याकडे वाईट बोलत नाहीत. बोललेलं ऐकणारं कुणीतरी असतं, असं मानतात. प्रवासाला निघालेल्याला 'कधी पोचाल' असंसुद्धा कुणी विचारत नाही. नानसालनं जीभ चावली आणि पुन्हा विचारलं नाही. तिला कसं करायचं ते कळलं, कशासाठी ते कळलं नाही. आणि सीटखालची ती तार? ती तिला कचऱ्यातली वाटली. चुलीच्या धुराड्याची झडप सैल झाली होती, तिनं ती त्या तारेनं बांधून टाकली.

त्या दिवसापासून माझा गळा भरू लागला.

मित्रांनो, ओरडता न येणं ही फार वाईट गोष्ट आहे. रोज संध्याकाळी नानसाल यायची, मला फिरवायची, मी पाणी सोडायची. रोज धार थोडी बारीक. आधी पेन्सिलीएवढी, मग काडीएवढी, मग दोऱ्याएवढी. इंजिनाच्या पोटात रोज वाटीभर, दोन वाट्या पाणी मागं राहू लागलं. अजून थंडी बेताची होती, वर नुसता पापुद्रा धरे, सकाळच्या गरम पाण्यात विरघळून जाई. पण उत्तरेचे डोंगर निळे पडायचे थांबले होते, पांढरेफटक दिसत होते. कावळे खाली उतरून गेरच्या आडोशाला बसू लागले. दाम्बा एका सकाळी म्हणाला, "या वर्षी—" आणि पुढचं गिळलं. मला मेलीला सगळं दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं.

सोलोन्गोला महिना बाकी होता. पुढच्या आठवड्यात तिला तालुक्याच्या गावी दवाखान्याजवळ नेऊन ठेवायचं ठरलं होतं. त्या संध्याकाळी ती दारात उभी होती, एक हात कमरेवर. "काही नाही गं, जरा अवघडलंय," आईला म्हणाली. त्याच संध्याकाळी वारा पडला. आमच्याकडे वारा पडला की माणसं गप्प होतात, कारण त्याच्यामागून खरी थंडी येते. पारा उणे अडतीसवर जाणार होता.

नानसाल घाईत आली. मेंढ्या कोंडायच्या होत्या. तिनं बादली लावली, मला उघडलं. मी पाच-सहा घोट सोडले असतील नसतील, आणि वरून एक खपली सुटून बरोबर माझ्या घशात अडकली. थेंब, थेंब, आणि बंद. जवळजवळ पाव बादली पाणी इंजिनाच्या पोटात तसंच.

"थांबलं," नानसाल स्वतःशीच म्हणाली. माझी मान पिळून बंद केली आणि बादल्या उचलून निघून गेली. पावलांचा कर्र-कर्र आवाज लांब गेला. लोखंड आकसू लागलं, बारीक टिक-टिक करू लागलं. मग माझ्या पाठीशी पाण्यानं बर्फाची पहिली सुई उभी केली. मग दुसरी. मला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

पुढचं सोलोन्गोनंच नंतर कितीदा सांगितलंय. नानसाल मेंढ्या कोंडून आली, चहा चुलीवर ठेवला, आणि बादल्या बाजूला सारायला उचलल्या. दुसरी उचलली आणि तशीच उभी राहिली.

"ही हलकी लागतेय."

"सांडलं असेल," गोम्बो म्हणाला.

"मी सांडत नाही. तीस वर्षं दूध काढतेय, बादली उचलली की मला कळतं. सकाळी बादलीच्या रिबिटापर्यंत भरून ओतलं होतं. आता चार बोटं कमी आहे." तिनं बादली पुन्हा तोलून बघितली. "गाय आटली तर रोज थोडं थोडं कमी देते. एकदम कमी दिलं, म्हणजे आटली नाही. अहो, हिनं पान्हा चोरलाय! पाणी आतच आहे."

गोम्बोचा चेहरा उतरला. त्याचा उजवा हात अंथरुणावर आपोआप पुढं-मागं होऊ लागला, काहीतरी खुपसल्यासारखा. आपल्याच हाताकडे बघून तो ओरडला, "तार! सीटखालची तार, नानसाल, ती कुठंय?"

नानसालनं धुराड्याकडे बघितलं. हाताला फडकं न गुंडाळताच तिनं ती तापलेली तार उपसली. दुसऱ्या हातानं चुलीवरची किटली उचलली.

"अगं, पहिला चहा आभाळाला द्यायचा असतो!" गोम्बो सवयीनं बोलून गेला.

"आभाळाला उद्या!"

ती आली, मित्रांनो. बॅटरी दातात धरून, पाठीवर सरपटत. मला फिरवून उघडलं, तार माझ्या गळ्यात घातली, ती बर्फाला लागून वाकली. पुन्हा घातली, पुन्हा वाकली. तिच्या भाजलेल्या बोटांतून रक्त येत होतं आणि तिथल्या तिथं गोठत होतं. "सोड गं बाई," दातातली बॅटरी छातीवर ठेवून ती मला म्हणाली, गाईला म्हणतात तसं. "सोड, माझी शहाणी." आणि तिनं तो खारट, दुधाळ, उकळता चहा माझ्या मानेवर ओतला.

मी तडकले. कडाड आवाज मला माझ्याच आतून ऐकू आला. थंडीनं गारठलेल्या पितळाला उकळता चहा सोसत नाही. पण आतला बर्फही सुटला. तार आरपार गेली, आणि खपल्या, बर्फाचा चुरा, गंजकं पाणी, सगळं धो-धो तिच्या बाहीवर आलं. बाही तक्त्यासारखी ताठ झाली, तरी ती हलली नाही. शेवटी तिनं पान्यानं इंजिनाच्या पोटावर ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला. तेव्हा कुठं ती तिथंच, गाडीखाली, हुंदके देऊन रडली.

गोम्बो लाकडाची खुंटी तासत बसला. तडकलेल्या मला काढून तिथं ती ठोकायची होती. पहाटे खुंटी तयार झाली आणि पहाटेच सोलोन्गोच्या कळा सुरू झाल्या. महिना बाकी होता ना? पोरं कुठं महिने मोजतात!

दाम्बानं शेणाच्या गोवऱ्या पेटवून परात इंजिनाखाली सारली. तेल पातळ झालं. नानसालनं खुंटी ठोकली, गरम पाणी ओतलं, चावी फिरवली. इंजिन खोकलं, अडलं, पुन्हा खोकलं. दाम्बा टोपी काढून उभा होता. तिसऱ्या वेळी इंजिन लागलं. मी नानसालच्या अंगरख्याच्या खोळीत होते, वाळक्या दह्याच्या तुकड्यांशेजारी. वाटेत ती दोनदा उतरली, गाडीखाली हात घालून खुंटी चाचपली. मागून सोलोन्गो कण्हत होती. एकदा न राहवून तिनं विचारलं, जे कुणी विचारत नाही ते.

"आई, कधी पोचू?"

नानसालनं स्टिअरिंग घट्ट धरलं. "दोन तासांत," ती मोठ्यानं म्हणाली. "ऐकणाऱ्यांनी ऐकावं. दोन तासांत."

अडीच लागले. मुलगी झाली, गळ्याला नाळेचे दोन वेढे. डॉक्टरीणबाई घाम पुसत बाहेर आल्या. "अजून तासभर उशीर झाला असता, तर..." आणि रीतीप्रमाणे गप्प झाल्या.

"बोला," नानसाल म्हणाली. "पूर्ण बोला."

"तर दोघीही राहिल्या नसत्या."

नानसालनं मान हलवली आणि खोळीत हात घालून मला घट्ट धरलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी असं धरलं नव्हतं.

गाडीला आता नवी तोटी आहे. चकचकीत आहे, स्वतःवर खूश आहे. तिचाही गळा भरणारच, पाणी तेच आहे. म्हणून मी इथं दाराशी टांगलेली आहे, तारेसकट, जाणाऱ्यायेणाऱ्याच्या डोक्याला लागेल अशी. संध्याकाळी तार घेऊन जायची, काम झालं की परत माझ्या गळ्यात अडकवायची. मित्रांनो, तुमच्याही घरी, गाडीत, यंत्रात माझ्यासारखं कुणीतरी तळाशी, अंधारात बसलेलं असेल. त्याची रोज एकदा विचारपूस करा. आणि शिकवाल तेव्हा अर्धं शिकवू नका.

काल सोलोन्गोनं पहिल्यांदा पाणी सोडलं. लेकरू अंगरख्यात बांधलेलं. नानसाल शेजारी वाकून उभी होती. दार उघडं होतं, गोम्बो अंथरुणातून बघत होता. सोलोन्गोनं अजून काही विचारलंही नव्हतं.

"नीट ऐक," नानसाल म्हणाली. "पाणी थांबलं म्हणजे संपलं, असं नाही. तार घालायची, बादली उचलून वजन बघायचं. नाही केलंस, तर रात्रीत इंजिन चिरेल, आणि गरज पडेल त्या दिवशी तू आणि हे लेकरू इथंच मराल. कळलं? मराल."

मी गोम्बोकडे पाहिलं. तो थू थू म्हणाला नाही.

"पुन्हा सांग तिला," तो म्हणाला.