भिंतीवरचा रेनातो

तितीना सकाळीच दारात उभी. एका हातात कॉफीची किटली, दुसऱ्या हातात साखरेचा पुडा, अंगावर काळी शाल. एरवी ही शेजारीण अंडं उसनं मागायलाही रंगीत झगा घालून येते.

"कोण गेलं गं?" मी विचारलं.

ती नुसतीच रडायला लागली. तिच्या मागे जिन्यावर खालच्या मजल्यावरच्या दोघी, झाकलेलं भांडं घेऊन. आमच्या नेपल्समध्ये मरण आलेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारी खायला आणतात. नवरा जाऊन वर्षं लोटली. माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, माझा मुलगा रेनातो. तो पहाटेच शूटिंगला गेला होता.

"बोल ना सटवे!"

"खाली भिंतीवर कागद लागलाय, अस्सुंता. फोटोसकट."

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

रेनातो मालिकेत पोलिसांच्या खबऱ्याचं काम करतो. टीव्हीवरच्या नेपल्समध्ये खोकल्याने कुणी मरतच नाही, सगळे गोळी खाऊन मरतात. माझा जन्म या गल्लीत गेला, गोळीचा आवाज कधी ऐकला नाही. पण ते बघून बघून मीच दाराला दोन कड्या लावायला लागले होते. मागच्या आठवड्यात बाजारात एक दाढीवाला रेनातोकडे बघून थुंकला. "खबऱ्या!" म्हणाला. आम्ही हसलो होतो. आता जिना उतरताना तोच दाढीवाला डोळ्यांपुढे येत होता.

भिंतीवर काळ्या चौकटीचा मृत्यूचा कागद, आमच्याकडे कुणी गेलं की गल्लीत लावतात तसा. नाव कोण वाचतंय? चेहरा माझ्या लेकराचा होता. मी तो कागद ओरबाडून काढला, छातीशी धरला आणि तिथेच फतकल मारून ओरडले. असा आवाज माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं.

"आई! अगं आई, मी आहे!"

रेनातो धावत आला. शर्टाला भोक, छाती लालभडक. मी आणखीच किंचाळले.

"रंग आहे गं! चाखून बघ, गोड लागतो. कागदही मालिकेतलाच, आज शूटिंग इथेच आहे. नाव तरी वाचायचंस, त्या खबऱ्याचं आहे!"

तितीनानेही ते वाचलं नव्हतं. तिला शिव्या घालायचंही मला सुचलं नाही. मी त्याचं मनगट धरून नाडी बघत बसले.

तो जरा घुटमळला. "समोरच्या गच्चीत कॅमेरा चालू होता, आई. दिग्दर्शक जाम खूश आहेत. म्हणतात, हेच खरं नेपल्स."

"मग?"

"आवाज तेवढा नीट आला नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता. "एकदाच, पुन्हा रडशील?"

त्याच्या मागे एक माणूस मी फाडलेल्या जागी खळ लावत होता. त्याच्या काखेत तसल्याच कागदांचा गठ्ठा होता, आणि प्रत्येकावर माझा रेनातो.