पेटी टेकली ती जागा

माझ्या आईची, मारसालीची, शेवटची एकच मागणी होती. "सोरली, मला मागच्या वाटेने नेऊ नकोस."

मागची वाट म्हणजे प्रेस्कॉटच्या काचघरांच्या पाठची. चार वर्षांपूर्वी त्याने आमचं ग्रूनासे बेट विकत घेतलं, पर्यटकांना राहायला ही काचघरं बांधली आणि पाहुण्यांच्या संडासाचं पाणी त्या वाटेवरच्या खड्ड्यात सोडलं. खड्डा भरून वाहतो. मेंढ्यासुद्धा तिकडे तोंड करत नाहीत.

आमच्याकडे प्रेत खांद्यावरूनच जातं, मोठ्या वाटेने, सूर्य फिरतो त्या अंगाने खाडीला वळसा घालून. उरलोय एकोणीस माणसं, म्हणून हल्ली बायकाही खांदा देतात.

शुक्रवारी सकाळी आईची शवपेटी खांद्यावर घेऊन निघालो. काचघरांपुढे प्रेस्कॉट वाट अडवून उभा. मागे नाश्त्याच्या खोलीत पाहुणे हादडत होते, डोक्यावर शिंगांच्या टोप्या घालून. उत्तरेकडून होड्यांनी आलेल्या आमच्या नॉर्स पूर्वजांच्या नावावर विकलेलं सोंग! शिंगं या बेटावर बोकडांनाच होती.

"तुमचं दुःख मी समजतो," प्रेस्कॉट म्हणाला. "पण पाहुणे नाश्ता करतायत. मागून न्याल का? हवं तर जीप देतो."

"जीप?" पेटीखालून एफीकाकू कडाडली. "मारसालीला किराणा समजलास काय?"

"बाई, फक्त आजच्या दिवस..."

"मग काय, ती रोज मरणार होती होय रे?"

आत एका टोपीवाल्याने अंड्याने माखलेल्या बोटांनी फोन उचलला आणि माझ्या आईच्या पेटीचा फोटो काढला. वाऱ्यावर खड्ड्याचा वास होता, पण मला किळस आली ती त्या फोटोची.

तेवढ्यात पेटीच्या पुढच्या कोपऱ्याखालून म्हातारा मुर्डोकाका कण्हला. "पोरा, माझा खांदा गेला. टेकवू या."

काल याच खांद्याने त्याने एकट्याने होडी वर ओढली होती. मी त्याच्याकडे पाहिलं.

"इथे, काका?"

"इथेच. दारासमोर."

टेकवली. मग एकेक जण किनाऱ्यावर गेला आणि दगड घेऊन आला. एफीकाकूने दोन आणले, एक रागाचा.

"हे काय चाललंय?" प्रेस्कॉटचा आवाज चिरकला.

"प्रेत टेकलं तिथे प्रत्येकाने दगड ठेवायचा असतो, साहेब," मुर्डोकाका शांतपणे म्हणाला. "आणि एकदा ठेवला की तो कोणी हलवत नाही."

"किती दिवस?"

"बेट आहे तोवर."

"आणि मी म्हटलं, उचला?"

"म्हणा की. उचलणारा मात्र तुम्हाला बाहेरून आणावा लागेल. आणि पुढे तुमच्या पाहुण्यांची बोट इथे कोण लावून देतं, तेही बघा."

प्रेस्कॉटने आमच्या तोंडांकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं आणि बाजूला झाला. आम्ही पेटी उचलली. आई पुढच्याच वाटेने गेली.

माझा दगड सगळ्यात मोठा होता. तो मी उंबऱ्याला खेटून ठेवला होता. नाश्त्याच्या खोलीचं दार आता अर्धंच उघडतं.