लॅपटॉपची गादी

मोनालीने लॅपटॉप टेबलावर पालथा घातला आणि पहिला स्क्रू फिरवला.

"काऊन खोलतेस वो बाई? पेपर दीड घंट्यावर आला," रत्नपाल दारातूनच म्हणाला.

"म्हणूनच खोलून राहिली, बाबा. पेपर चाळीस मिनिटांचा, अन् हा वीस मिनिटांत तापून बंद पडते. मधात बंद पडला का पेपर गेला. मोबाईलवर देता येत नाही."

"अन् खोलल्यावर चालूच नाही झाला तं?"

मोनालीने निघालेला स्क्रू शेजारच्या कागदावर ठेवला. त्यावर तिने लॅपटॉपएवढा चौकोन आखला होता. ज्या कोपऱ्यातला स्क्रू, तो कागदाच्या त्याच कोपऱ्यात. ही युक्ती तिची स्वतःची होती आणि तिच्यावर ती जाम खूश होती. आजचा ऑनलाइन पेपर नागपूरच्या संगणक शिबिरासाठी होता, आणि तिथे जिल्ह्यातून दोघांनाच जागा होती. त्या दोघांत आपण आहोत, हे तिने मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. लॅपटॉपने तेवढं अजून ठरवलं नव्हतं.

गोंदियातला एक कॉम्प्युटर क्लास बंद झाला, तेव्हा रत्नपालने तो जुना लॅपटॉप घेतला. घरी आमगावला पोचेपर्यंत गाडीत मांडीवरून खाली ठेवला नाही. शिकायची वस्तू खाली काही अंथरल्याशिवाय टेकवायची नाही, हा त्याच्या बापाचा नियम. पुस्तकाला पाय लागला तर त्या दिवशी जेवण नसे. लॅपटॉप तर पुस्तकाच्याही वरचा. त्याच्यासाठी रत्नपालने स्वतःच्या हाताने गादी शिवली. वर चौदा एप्रिलला विहारात सत्कारात मिळालेली निळी लोकरी शाल, आत सावरीचा कापूस. तेव्हापासून लॅपटॉप त्या गादीवरच चालायचा आणि त्या गादीवरच झोपायचा. शेजारचा उदाराम हसायचा, "तुह्यापेक्षा हा बरा बे, रत्नपाल. तुले चटई, त्याले गादी!"

शेवटचा स्क्रू निघाला. मोनालीने नखाने कड उचकटली.

"टॉर्च इकडे धरा, बाबा. पाहा आता, तुमच्या राईस मिलचाच कोंडा निघते! रोज कपड्यांवर घेऊन येता."

रत्नपालने हसत मोबाईलचा उजेड आत टाकला. पंखा छोटासा होता, आणि त्याच्यामागच्या जाळीवर काहीतरी थापल्यासारखं बसलं होतं. मोनालीने सुईने टोक सोडवलं. अख्खा थरच हातात आला. मऊ, दाट, शालीसारखा निळा.

तिने मूठ मिटली.

"कोंडाच आहे," ती म्हणाली.

"कोंडा निळा नसते, बाई."

रत्नपाल वाकला. खालच्या झाकणाच्या बारीक भोकांवरून त्याने बोट फिरवलं.

"इथूनच हवा घेते काय तो?"

"हो."

"अन् मी त्याचं नाकच गादीत दाबून ठेवलं."

"तसं नाही, बाबा. जुना झाला का होतेच असं."

त्याने टॉर्च बंद केला आणि मागच्या दाराने निघून गेला. मोनालीने जुन्या ब्रशने पंखा झाडला, जाळी साफ केली, कागदावरचे स्क्रू एकेक उचलून जागच्या जागी बसवले. एकही उरला नाही. एरवी तिने हे ओरडून सांगितलं असतं.

मागे हातपंप बराच वेळ वाजत होता. मग रत्नपाल दोन विटा घेऊन आला. घासून घासून त्या नव्यासारख्या लाल झाल्या होत्या. खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्याने त्या कोरड्या पुसल्या आणि टेबलावर वीतभर अंतराने मांडल्या.

"हवा लागते तं लागते," तो म्हणाला. "ठेव."

लॅपटॉप चालू झाला. अकराला पेपर उघडला. आईचा फोन खिडकीत नेट पकडून होता. रत्नपाल ओट्यावर, दाराशी, घड्याळाकडे तोंड करून बसला. वीस मिनिटं झाली. मोनालीने पुढचा प्रश्न उघडला. एकवीस. बावीस. आतला पंखा एकसुरात फिरत होता, जसा काही त्याला कधी त्रासच नव्हता.

पस्तिसाव्या मिनिटाला उदारामने खिडकीतून डोकावलं.

"अबे रत्नपाल! गादी कोठी गेली? लॅपटॉपले इटांवर बसवला काय?"

मोनालीची बोटं थांबली. हळू बोला, असं तरी बाबा म्हणतील, किंवा विषयच बदलतील.

"गादीनंच तापत होता तो," रत्नपाल अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "चूक माही. तीन वर्षं मले समजलं नाही. पोरीनं एका घंट्यात खोलून दाखवलं."

"खोलला? तिनं?"

"अन् बंदही केला. एक स्क्रू उरला नाही."

म्हणजे बाबांनी स्क्रू मोजले होते. मोनालीने उरलेले तीन प्रश्न सोडवले, एकदा वरपासून पाहिलं आणि बटण दाबलं. पेपर जमा झाल्याची ओळ पडद्यावर आली. घड्याळात एकोणचाळीस मिनिटं झाली होती.

ती धावतच दारात आली. ओट्यावर उदाराम मांडीवर आपल्या घरचा बिघडलेला मिक्सर घेऊन बसला होता.

"मले काय विचारतोस?" रत्नपाल त्याला सांगत होता. "मले नाही समजत त्यातलं. मॅडम मोकळ्या झाल्या का त्यायले विचार."