चढावरचं तहानलेलं बाळ

१९८७ साल. शिरगावच्या पुढच्या चढावर आमच्या बंद पडलेल्या जीपभोवती पन्नासेक माणसं जमली होती. महिपती भगत बॉनेट उघडून ओरडत होता, "सकाळी भरलेलं पाणी गेलं कुठं? खाली बघा! एक थेंब तरी सांडलाय?"

लोक वाकून बघत होते. जमीन कोरडी. मघाशी मागच्या नळीतून निघालेला पांढरा धूर मात्र सगळ्यांनी पाहिला होता.

"बाळाला तहान लागते. ते पाणी पितं आणि धूर सोडतं. आई, पाज त्याला!"

ती आई मी, रखमा. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात नेताना माझं पोर याच जीपमध्ये, याच चढावर गेलं. त्यानंतर उतारूंनी भरलेली जीप इथं बंद पडू लागली. भगत तासभर "ह्रीं फट, डिझेल फट" करायचा, मी तांब्याने रेडिएटरमध्ये पाणी ओतायची आणि जीप चालू व्हायची. खरं सांगते, ते पाणी ओतताना मला बरं वाटायचं. बाकी कशाचं काहीच वाटत नव्हतं.

त्या दिवशी भगत म्हणाला, "ही बाई घरात आहे तोवर बाळ जीप सोडायचं नाही. अमावास्येच्या आत हिला माहेरी घालवा. कायमची."

"ऐकलंस ना, हिरामण?" सासूबाई म्हणाल्या. "जीपवरच घर चालतंय आपलं."

हिरामण, माझा नवरा, टायरकडे बघत राहिला. सोबत कुठली पातळं न्यायची, एवढंच माझ्या मनात आलं.

उतारूंमध्ये चंदर होता, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला, गाड्या दुरुस्त करणारा सिंधी मिस्त्री. तो म्हणाला, "महाराज, तुमचा मंत्र एक घंटा चालतो ना? एक घंट्यात इंजिन ठंडा होतो. आज मंत्र नको. नुसता विडी पीत बसा."

"कोप होईल!"

"माझ्यावर होऊ दे. तुम्हाला काय टेन्शन?"

तासाभराने मी पाणी ओतलं. चंदरने झाकण उघडंच ठेवून हिरामणला जीप चालू करायला सांगितली. मंत्राशिवाय झाली. रेडिएटरच्या पाण्यात भराभर बुडबुडे उसळले.

"बघा, ही इंजिनची हवा पाण्यात येते. हेड गॅस्केट उडालाय."

दुसऱ्या दिवशी गॅरेजात त्याने इंजिनाचा वरचा भाग उघडला. वरच्या आणि खालच्या भागामध्ये असलेलं पातळ गॅस्केट जळून नखाएवढी फट पडली होती. तिच्यातून पाणी सिलिंडरमध्ये जायचं आणि वाफ होऊन मागून निघायचं. पाणी कमी झालं, की चढावर इंजिन तापायचं, आतला दाब फटीतून निसटायचा, जीप बंद पडायची. थंड झाली की पुन्हा चालू.

"मग बाळ?" हिरामणने विचारलं.

चंदर हात पुसत म्हणाला, "बाळ गेला, भाऊ. तो आता पाणी पीत नाही."

नवीन गॅस्केट बसलं. पुढच्या आठवड्यात भरलेली जीप चढावरून न थांबता गेली. मी पुढेच बसले होते. मागे वळून बघितलं. रस्ता होता, दुसरं काही नव्हतं. घरी येऊन भाकऱ्या थापल्या. माहेरचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आता मी सत्तरी ओलांडली. एवढंच सांगते. गाडी बंद पडली तर मिस्त्रीला बोलवा. कुणाचं पोर गेलं तर त्याच्या आईजवळ जाऊन बसा. या दोन्ही कामांत भगत कुठंच लागत नाही.