सासऱ्याचा सूर, सुनेचे बँड

राग आल्याशिवाय मी पत्र लिहीत नाही. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात तीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता आपली पाळी. भाईंदर पूर्वेच्या आमच्या सोसायटीत कारणांना तोटा नाही. ए विंगच्या गच्चीवरची टाकी रोज सकाळी अर्धा तास भरून वाहते आणि आमच्या सी विंगमध्ये नळाला करंगळीएवढी धार. सेक्रेटरी हंसाबेन भांडतसुद्धा नाहीत, नुसत्या हसतात.

"दशरथभाई, लेटर इंग्लिश में दो ना. कमिटी में सब टाइप के लोग हैं, मराठी कौन पढ़ेगा?"

इंग्रजीत भांडायचं म्हणजे व्याकरणाची बोंब. म्हणून मी सुनेच्या ॲपला हात घातला.

सून म्हणजे नीलम, काशीमीऱ्याच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलाने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण इंग्रजीच्या परीक्षेत लिखाणाला नवापैकी सात बँड हवे होते. मागच्या खेपेला ती सहावर अडकली. आता एकच तारीख उरली होती. ती हुकली की जागा दुसरीला.

सराव म्हणून तिने घरच्या टॅबवर निबंध तपासणारं एआयचं ॲप घेतलं. निबंध टाकला की चुका लाल होतात, बाजूला सुधारणा येते. बँड मात्र लगेच सांगत नाही. फुकटच्या खात्यात दर रविवारी आठवड्याचा एक अंदाज येतो, बस्स.

नीलम ड्यूटीवर गेली की टॅब माझा. पत्र टाकायचं, सुधारून घ्यायचं, कागदावर उतरवायचं आणि ॲपमधून पुसून टाकायचं. दुसऱ्याच्या टेबलावर बसलात तर उठताना टेबल साफ करून उठा, ही आमच्या ऑफिसची शिस्त. परवानगी घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. आमच्या घरात सिरियलचं खातं एक, किराणा मागवायचं एक, तसं हेही एक.

पहिल्या रविवारी अंदाज आला साडेपाच. खाली शेरा होता: सूर आक्रमक, मुद्दा पटवण्यापेक्षा वाचणाऱ्याला धमकावण्याकडे कल.

"नीलम आणि धमकी? मी तर रोज ऐकतोय," असं म्हणून माझा मुलगा जितेश खो खो हसला. मीही हसलो. नीलम हसली नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या मेट्रनने तिला सांगितलं होतं की पेशंटशी जरा गोड बोलत जा.

मग तिने निबंध मऊ करायला घेतले. लहान मुलांना मोबाइल द्यावा का, असा विषय होता. पूर्वी तिने सरळ लिहिलं असतं, देऊ नये. आता लिहिलं, कुणी राग मानू नये, पण काही जणांच्या मते कदाचित थोडा कमी दिलेला बरा. वाचून मलाच तिची दया आली. इकडे टाकी वाहतच होती, त्यामुळे त्या आठवड्यात माझी चार पत्रं गेली. चौथ्यात मी हंसाबेनना कोर्टात खेचलं होतं.

दुसऱ्या रविवारी अंदाज पाचवर आला.

बुधवारी संध्याकाळी नीलमने वह्या कपाटात कोंबल्या. "बाबा, मी शनिवारी परीक्षेला जात नाहीये. मी जेवढं सांभाळून लिहितेय तेवढं खाली जातंय. मला नाही जमणार."

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी टॅब उघडला. त्या शेऱ्याखाली 'तपशील' असं एक बटण होतं, ते मी आयुष्यात पहिल्यांदा दाबलं. वारंवार आलेले शब्द: टाकी, पंप, सेक्रेटरी, कोर्ट. त्याखाली बारीक अक्षरात: पुसलेलं लिखाणही धरलं आहे.

ते पाच बँड एकट्या नीलमचे नव्हतेच, अर्धे माझे होते.

मी लगेच हाक मारायला हवी होती. मारली नाही. शेजारी सान्वी, माझी सहा वर्षांची नात, माझ्याच मांडीला टेकून चित्र रंगवत होती. नीलम पास झाली की ही तिघं जाणार. नाही झाली तर सान्वी इथेच, रोज दुपारी स्कूल बसमधून उतरून माझ्याकडे धावत येणार. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. मी टॅब बंद केला आणि पोटभर जेवलो.

गुरुवारी सकाळी नीलम माझी शुगर तपासायला बसली. एरवी सुई टोचताना ती दटावते, "काल परत जिलेबी खाल्लीत ना? खोटं बोलू नका." त्या दिवशी मशीनवर दोनशे चाळीस आले तरी ती गप्प राहिली. सुई ठेवत हळूच म्हणाली, "बाबा, मेट्रन म्हणतात, ॲप पण म्हणतंय. मी तुमच्याशीही वाईट बोलते का हो?"

या मुलीने दटावलं नसतं तर माझा पाय केव्हाच गेला असता.

"नीलम, ते पाच बँड माझे आहेत," मी म्हणालो आणि टाकीपासून कोर्टापर्यंत सगळं सांगून टाकलं.

ती आधी हसली. मग थांबली. "कधी कळलं तुम्हाला?"

"काल संध्याकाळी."

"मग काल का नाही बोललात?"

"सान्वी जाईल म्हणून."

त्यावर नीलमने माझी जी हजेरी घेतली ती सी विंगने दारं उघडून ऐकली. "मी रात्रभर जागी होते, बाबा! आणि तुम्ही दोन वेळा भात मागून घेतलात!" मी मान खाली घालून बसलो होतो आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं. बाई परत माणसात आली होती.

ओरडून झाल्यावर तिने नवीन खातं उघडलं. पहिल्या अंदाजाला रविवारची वाट बघावी लागत नव्हती. तिने जुने पाच सरळसोट निबंध टाकले. सात.

शनिवारी ती गेली आणि ठणकावून लिहून आली. निकालाच्या दिवशी खालून जिन्यावरूनच ओरडत आली, "बाबा, सात! सात!" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग पेढे घेऊन ए विंगमध्ये गेलो. हंसाबेननी दोन उचलले. "बहुत अच्छा हुआ, दशरथभाई. लेकिन बच्ची को लेके चले जाएँगे सब. आपको अच्छा लगेगा क्या?"

"नहीं लगेगा. बहुत बुरा लगेगा," मी म्हणालो. "तो क्या बहू को फेल कर दूँ?"

हंसाबेन खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय.